आधी शब्द शोधा, मग पेपर : शिक्षणशास्त्राच्या लिट रिव्ह्यूसाठी (आधीच्या संशोधनाच्या आढाव्यासाठी) डेटाबेसमध्ये सर्च कसा करायचा

संशोधनाला नवीन लागलेली मंडळी भेटली की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असतं, "माझ्या टॉपिकवर काही कामच झालेलं नाहीये." मग मी विचारते सर्च कसा केलात, तर टॉपिकचं अख्खं शीर्षक, चांगलं बारा-पंधरा शब्दांचं, जसंच्या तसं सर्च बॉक्समध्ये टाकलेलं असतं. त्यावर काही येत नाही हे बरोबरच आहे, कारण तुमचं शीर्षक तुम्ही तयार केलंय, ते जगात दुसऱ्या कोणी तसंच लिहिलेलं असण्याचं काही कारण नाही. दुसरं टोक म्हणजे एकच शब्द टाकायचा आणि लाखभर रिझल्ट बघून लॅपटॉप बंद करायचा.

दोन्हीकडे अडचण एकच असते. डेटाबेसला, म्हणजे पेपरांच्या नोंदींच्या संग्रहाला, तुमचा प्रश्न कळत नाही, त्याला फक्त शब्द कळतात, आणि तेही ज्यांनी पेपर लिहिले आणि ज्यांनी त्या पेपरांना लेबलं लावली त्यांचे शब्द. म्हणून माझं म्हणणं असं की पहिले दोन-तीन दिवस पेपर शोधूच नका, शब्द शोधा. शब्द बरोबर मिळाले की पेपर मिळायला वेळ लागत नाही. हे मी खूप उशिरा शिकले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय.

उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत धरते: प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या गणित शिकण्यावर आकारिक मूल्यमापनाचा (म्हणजे मुलं शिकत असतानाच, शिकणं सुधारायला केलेल्या मूल्यमापनाचा) काय परिणाम होतो.

पायरी १ : प्रश्नाचे तुकडे करा, कागदावर

कागद घ्या, आडवा धरा आणि रकाने पाडा. आपल्या प्रश्नात तीन मुख्य कल्पना आहेत: आकारिक मूल्यमापन, गणित, प्राथमिक शाळा. तीन कल्पना, तीन रकाने, बस.

आता कोणी म्हणेल की 'परिणाम' हा पण शब्द आहे ना. आहे, पण तो सर्चमध्ये घालू नका. परिणाम, प्रभाव, भूमिका, महत्त्व, अभ्यास हे शब्द प्रत्येक जण वेगवेगळे वापरतो, कोणी इफेक्ट लिहितं, कोणी इम्पॅक्ट, कोणी काहीच लिहीत नाही आणि सरळ मुलांचे गुण देतं. तुम्ही 'इफेक्ट' घातलात की ज्या पेपरात तो शब्द नाही ते सगळे चांगले पेपर बाहेर राहिले. नवीन माणसाच्या सर्चमधला निम्मा गोंधळ या एका गोष्टीने कमी होतो असा माझा अनुभव आहे. विषय ज्या नामांवर उभा आहे तेवढीच घ्या, बाकीचं वाचताना बघता येतं.

पायरी २ : प्रत्येक रकान्यात समानार्थी शब्द भरा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि घ्यायलाच पाहिजे. आपल्या पहिल्या रकान्यात काय काय येईल? 'फॉर्मेटिव्ह असेसमेंट' तर येईलच, पण 'असेसमेंट फॉर लर्निंग' पण येईल, कारण बरेच लोक, खासकरून ब्रिटनमधले, हा शब्दप्रयोग वापरतात. मग 'फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन'. मग जरा बाजूचे शब्द, म्हणजे 'फीडबॅक', 'सेल्फ असेसमेंट', 'पीअर असेसमेंट', कारण आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्गात प्रत्यक्ष जे होतं ते हेच असतं आणि काही पेपर फक्त त्याच नावाने लिहिलेले असतात.

गणिताच्या रकान्यात 'मॅथ', 'मॅथ्स', 'मॅथेमॅटिक्स', आणि हवं तर 'अरिथमेटिक', 'न्यूमरसी'. प्राथमिकच्या रकान्यात 'प्रायमरी' आणि 'एलिमेंटरी' हे दोन्ही हवेतच, कारण अमेरिकेत एलिमेंटरी म्हणतात आणि इतर बऱ्याच देशांत प्रायमरी. शिक्षणाच्या विषयात ही देशागणिक बदलणारी भाषा फार त्रास देते. एकाच इयत्तेला कुठे ग्रेड म्हणतात, कुठे इयर, कुठे स्टँडर्ड. शिकाऊ शिक्षकाला कोणी 'प्री-सर्व्हिस टीचर' म्हणतं, कोणी 'स्टुडंट टीचर', कोणी 'टीचर ट्रेनी'. वर्तनावर काम करत असाल तर 'बिहेवियर'चं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीने यू घालून आणि अमेरिकन पद्धतीने यू न घालता, असं दोन्ही टाकावं लागतं.

आणि काळाप्रमाणेही शब्द बदलतात. विशेष शिक्षणात जुन्या पेपरांमध्ये 'मेंटल रिटार्डेशन' असा शब्द आहे जो आज कोणी वापरत नाही, आता 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण तुम्हाला १९८० च्या दशकातलं काम हवं असेल तर तो जुना शब्द सर्चमध्ये टाकावाच लागतो. लिहिताना मात्र आजचाच शब्द वापरायचा.

सगळे शब्द पहिल्याच बैठकीत सुचत नाहीत. रकान्यांखाली भरपूर जागा ठेवा, पुढे पेपर वाचताना नवीन शब्द सापडत जातात.

पायरी ३ : सुरुवात एरिकपासून

शिक्षणशास्त्राचा माणूस असेल तर पहिला डेटाबेस एरिक, यात मला तरी काही शंका नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेसतर्फे चालतो, सुरुवात १९६० च्या दशकातली, आणि जगात कुठूनही फुकट वापरता येतो, लॉगिन लागत नाही. त्यात पंधरा लाखांहून जास्त नोंदी आहेत आणि त्या सगळ्या शिक्षणाच्याच आहेत, त्यामुळे 'रिटेन्शन' टाकलं तर कर्मचारी टिकवण्यावरचे मॅनेजमेंटचे पेपर अंगावर येत नाहीत, विद्यार्थी शाळेत टिकण्यावरचे येतात.

एरिकच्या प्रत्येक नोंदीला एक नंबर असतो. ईजे ने सुरू होणारा असेल तर तो नियतकालिकातला लेख, आणि ईडी ने सुरू होणारा असेल तर इतर कागदपत्रं, म्हणजे अहवाल, परिषदेतले पेपर, प्रबंध वगैरे. ईडी वाल्या बऱ्याच गोष्टींची पूर्ण पीडीएफ तिथेच मिळते. ईजे वाल्यांचा बऱ्याचदा फक्त सारांश असतो आणि मूळ लेख दुसरीकडून मिळवावा लागतो, तो कसा ते पुढे येतंय.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते की एरिकच्याच नोंदी एब्स्को आणि प्रोक्वेस्ट या कंपन्यांच्या प्लॅटफॉर्मवर पण असतात, तुमच्या लायब्ररीने वर्गणी भरली असेल तर. माहिती तीच, दरवाजा वेगळा. फायदा असा की तिथे सर्च हिस्टरी राहते आणि जुने सर्च एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे लायब्ररीतून मिळत असेल तर मी तिकडून वापरते.

पायरी ४ : थिसॉरस, म्हणजे डेटाबेसची स्वतःची भाषा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर ही पायरी ठेवा.

एरिकमध्ये प्रत्येक पेपर आला की माणसं तो बघून त्याला ठरावीक यादीतली लेबलं लावतात. या लेबलांना डिस्क्रिप्टर म्हणतात आणि त्यांच्या यादीला थिसॉरस. लेखकाने स्वतः कुठलाही शब्द वापरलेला असो, लेबल एकच लागतं. म्हणजे एकाने 'फॉर्मेटिव्ह असेसमेंट' लिहिलं आणि दुसऱ्याने 'असेसमेंट फॉर लर्निंग' लिहिलं तरी दोघांच्या पेपरला 'फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन' हेच डिस्क्रिप्टर लागू शकतं. आता गंमत बघा, आज वर्गात, परिषदेत, पुस्तकात सगळीकडे असेसमेंट हाच शब्द चालतो, आणि एरिकचं लेबल मात्र इव्हॅल्युएशन आहे. हे माहीत नसलेला माणूस महिनाभर असेसमेंट असेसमेंट करत बसतो. मी बसले होते. चार महिन्यांचं काम हाताशी होतं आणि एका ग्रंथपाल बाईंनी पाच मिनिटांत थिसॉरस उघडून दाखवला, त्या संध्याकाळी मला जे पेपर मिळाले ते आधीच्या सगळ्या ढिगापेक्षा उपयोगी होते.

थिसॉरस उघडायला एरिकच्या पानावर सर्च बॉक्सच्या वरच तो टॅब आहे. तुमचा शब्द टाका. त्या डिस्क्रिप्टरच्या पानावर चार गोष्टी बघायच्या. एक, त्याचा अर्थ काय धरलाय ती छोटी टीप. दोन, त्याच्याहून व्यापक शब्द. तीन, त्याच्याहून नेमके शब्द. चार, संबंधित शब्द. या चारांमधून तुमच्या कागदावरचे रकाने भराभर भरतात. गणितासाठी 'मॅथेमॅटिक्स इन्स्ट्रक्शन', 'मॅथेमॅटिक्स अचीव्हमेंट', 'एलिमेंटरी स्कूल मॅथेमॅटिक्स' असे वेगवेगळे डिस्क्रिप्टर आहेत आणि ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, पहिला शिकवण्याबद्दल, दुसरा मुलांच्या गुणवत्तेबद्दल. आपल्या प्रश्नाला दोन्ही लागतील.

याची उलटी वाट पण आहे आणि मला तीच जास्त आवडते. तुमच्या विषयाला अगदी चपखल बसणारा एक पेपर कसाही करून मिळवा, गाईडने दिलेला असो की असाच सापडलेला. एरिकमध्ये त्याचं शीर्षक टाका, नोंद उघडा, आणि तिथे डिस्क्रिप्टरची जी ओळ असते ती वाचा. त्यात 'फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन' दिसेल, 'फीडबॅक' दिसेल, 'एलिमेंटरी स्कूल स्टुडंट्स' दिसेल. प्रत्येकावर क्लिक करता येतं. एका चांगल्या पेपरने तुम्हाला पाच शब्द दिले, त्या पाच शब्दांनी पन्नास पेपर.

फक्त डिस्क्रिप्टरवर मात्र राहू नका. अगदी नवीन कल्पनांना थिसॉरसमध्ये अजून जागा मिळालेली नसते आणि ताज्या पेपरांची नोंद व्हायला थोडा वेळ जातो. म्हणून एक सर्च डिस्क्रिप्टरने आणि एक साध्या शब्दांनी, दोन्ही करा.

पायरी ५ : शब्द जोडणे

अँड, ऑर, नॉट. यांना बूलियन ऑपरेटर म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या नावावरून. नियम सोपा आहे, एकाच रकान्यातले शब्द ऑर ने जोडायचे, दोन वेगळे रकाने अँड ने जोडायचे. ऑर ने रिझल्ट वाढतात, अँड ने कमी होतात. सुरुवातीला सगळे उलटं समजतात, कारण बोलताना 'आणि' म्हटलं की वाढल्यासारखं वाटतं. इथे अँड म्हणजे "हे पण हवं आणि ते पण हवं", अट वाढली म्हणून पेपर कमी.

आपला सर्च असा दिसेल (इथे देवनागरीत लिहिलाय, तुम्ही अर्थातच इंग्रजीत टाइप करायचा आणि अँड, ऑर कॅपिटल अक्षरांत टाकायचे):

("फॉर्मेटिव्ह असेसमेंट" ऑर "असेसमेंट फॉर लर्निंग" ऑर "फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन") अँड (मॅथ* ऑर न्यूमरसी) अँड (प्रायमरी ऑर एलिमेंटरी)

कंस विसरू नका. कंस नसले तर डेटाबेस आपल्या मनाने काहीतरी जोडतो आणि काय आलं ते आपल्याला कळत नाही. अवतरणचिन्हं म्हणजे हे शब्द याच क्रमाने शेजारी शेजारी हवेत. ती नसतील तर असेसमेंट पहिल्या ओळीत आणि लर्निंग शेवटच्या ओळीत असलेला पेपर पण येतो.

तारा, म्हणजे ते * चिन्ह, शब्दाच्या मुळाला लावायचा म्हणजे पुढची सगळी रूपं येतात. मॅथ* ने मॅथ, मॅथ्स, मॅथेमॅटिक्स, मॅथेमॅटिकल सगळं. टीच* ने टीच, टीचर, टीचर्स, टीचिंग. पण मूळ फार आखूड कापू नका, टेस्ट* टाकलं की टेस्टिंगबरोबर टेस्टिमनी आणि टेस्टामेंट पण येतात. आणि तारा सगळीकडे चालत नाही, गूगल स्कॉलरमध्ये तर चालतच नाही. प्रत्येक डेटाबेसचं हेल्पचं पान एकदा वाचा, दहा मिनिटं लागतात.

नॉट शक्यतो वापरूच नका. तुम्हाला वाटतं की माध्यमिक नको, म्हणून नॉट सेकंडरी टाकता, आणि प्राथमिक-माध्यमिक तुलना करणारा सगळ्यात कामाचा पेपर त्यातच उडून जातो, आणि उडाला हे कधीच कळत नाही.

जरा सरावले की 'जवळ असलेले शब्द' शोधायचं बघा. एब्स्कोमध्ये दोन शब्दांच्या मध्ये एन५ लिहिलं की ते दोन शब्द पाच शब्दांच्या अंतरात असलेले पेपर येतात, कुठलाही आधी असला तरी. प्रोक्वेस्ट आणि वेब ऑफ सायन्समध्ये निअर/५, स्कोपसमध्ये डब्ल्यू/५ (हे शेवटचे दोन सगळ्या विषयांचे डेटाबेस, पुढे येतायत). अवतरणचिन्हं फार कडक वाटतात आणि अँड फार सैल वाटतो तेव्हा हे मधलं माप कामाला येतं.

पायरी ६ : रिझल्ट फार आले, किंवा फारच कमी आले

फार आले तर लगेच फिल्टर लावू नका, आधी पहिल्या वीस शीर्षकांवरून नजर फिरवा. नको असलेलं काय येतंय? कॉलेजचे पेपर येतायत तर तिसरा रकाना सैल आहे. तिथे शब्द नेमका करा, किंवा शब्द फक्त शीर्षकात आणि सारांशात शोध असं सांगा. ही सोय बहुतेक सगळ्या डेटाबेसमध्ये सर्च बॉक्सशेजारच्या छोट्या ड्रॉपडाऊनमध्ये असते. एकट्या शीर्षकातच शोधलं तर फारच गाळलं जातं, ते पहिली चव घेण्यापुरतं ठीक.

कमी आले तर एक रकाना पूर्ण काढून बघा. बहुतेक वेळा तिसरा काढायचा असतो. इयत्ता सारांशात लिहिलेली असतेच असं नाही, कधी नुसतं 'तिसरीच्या वर्गात' असं असतं, कधी मुलांचं वय दिलेलं असतं. आणि खरंच काही नसेल तर एक पायरी वर चढा, आकारिक मूल्यमापन आणि गणित एवढंच बघा, किंवा आकारिक मूल्यमापन आणि विज्ञान. "माझ्या विषयावर काही नाही" असं लिहिण्याआधी शेजारच्या विषयांवर काय आहे हे दाखवावं लागतं, रिव्ह्यूचं अर्धं काम तेच आहे.

फिल्टरपैकी दोन लावताना सांभाळा. पहिला 'फुल टेक्स्ट'. हा लावला की तुम्हाला फक्त ते पेपर दिसतात जे त्या क्षणी त्या डेटाबेसमध्ये पूर्ण उपलब्ध आहेत. म्हणजे महत्त्वाचं काय ते विषयाने न ठरता तुमच्या लायब्ररीच्या वर्गणीने ठरलं. नवीन माणूस पहिल्या दिवशी हाच फिल्टर लावतो, कारण डाऊनलोड होत नाही याचा वैताग येतो, मला समजतं ते, पण लावू नका. दुसरा 'पीअर रिव्ह्यूड', म्हणजे छापण्याआधी त्याच विषयाच्या तज्ज्ञांनी तपासलेले लेख. हा चांगला आहे, पण एरिकने ही खूण २००४ पासून घालायला सुरुवात केली, त्यामुळे तो लावला की त्याआधीचे चांगले लेख गायब होऊ शकतात. जुन्या पेपरांसाठी नियतकालिकाच्या पानावर जाऊन आपणच बघायचं.

एक फिल्टर मात्र जरूर लावा आणि तो फारसा कोणी सांगत नाही. एरिकमध्ये प्रकाशनाच्या प्रकारात 'इन्फर्मेशन अ‍ॅनालिसिस' असा एक प्रकार आहे. नाव विचित्र आहे, पण रिव्ह्यू लेख त्याच्याखाली येतात. तुमच्या विषयावर आधीच कोणी रिव्ह्यू लिहिलाय का हे पहिल्याच दिवशी कळतं. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनचं 'रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च' हे नियतकालिक तर १९३१ पासून निघतंय आणि त्यात रिव्ह्यूच असतात, तेही थेट चाळा. त्यातला तुमच्या विषयाजवळचा एक लेख नीट वाचलात तर रिव्ह्यू लिहायचा कसा हेही कळतं, आणि लेखकांनी कुठल्या डेटाबेसमध्ये कुठले शब्द टाकले हे बऱ्याचदा दिलेलं असतं, ते शब्द सरळ आपल्या कागदावर उतरवून घ्या.

पायरी ७ : एरिकनंतर कुठे

सगळीकडे जायची गरज नाही. शिकणं, प्रेरणा, स्मरणशक्ती, चिंता असा मानसशास्त्राकडे झुकणारा विषय असेल तर एपीए सायकइन्फो. लायब्ररीत एज्युकेशन सोर्स किंवा ब्रिटिश एज्युकेशन इंडेक्स असेल तर तेही. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स सगळ्या विषयांचे आहेत, त्यांचा खरा उपयोग कोणी कोणाला उद्धृत केलं हे बघायला. प्रबंधांसाठी प्रोक्वेस्टचा वेगळा संग्रह आहे.

जेस्टोर हा नियतकालिकांचा संग्रह सगळ्यांना आवडतो कारण पीडीएफ लगेच मिळते. पण त्यात बऱ्याच नियतकालिकांचे अगदी ताजे अंक नसतात, साधारण तीन ते पाच वर्षांचं अंतर ठेवलेलं असतं. जुन्या आणि मूलभूत लेखांसाठी उत्तम, "अलीकडचं संशोधन" म्हणून एकट्या जेस्टोरवर अवलंबून राहिलात तर व्हायवाला (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला) कोणीतरी विचारणारच.

गूगल स्कॉलर वापरा, जरूर वापरा, पण शेवटी. त्यात थिसॉरस नाही, फिल्टर जुजबी आहेत, काय घेतलंय आणि काय नाही याची यादी नाही, आणि रिझल्ट लाखभर दाखवले तरी पहिल्या हजारापलीकडे बघता येत नाही. तरीही दोन कामांसाठी त्याच्यासारखं काही नाही: एखाद्या माहीत असलेल्या पेपरची फुकट प्रत शोधणं, आणि 'सायटेड बाय'.

पायरी ८ : एका पेपरवरून मागे आणि पुढे

समजा हातात पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांचा १९९८ चा आकारिक मूल्यमापनावरचा रिव्ह्यू लेख आहे. या विषयात तो इतका उद्धृत झालाय की त्याला टाळून जाताच येत नाही. त्याची संदर्भयादी बघितली तर तुम्ही मागे जाता, १९९८ च्या आधीचं काम दिसतं. स्कॉलरमध्ये त्याच्याखालच्या 'सायटेड बाय'वर क्लिक केलं तर पुढे येता, नंतर कोणी कोणी तो वापरला ते दिसतं. आता ती यादी हजारोंची आहे, वाचणं शक्य नाही. तिथे वरच्या बाजूला 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' असा छोटा चौकोन असतो, तो टिक करा आणि बॉक्समध्ये मॅथेमॅटिक्स आणि एलिमेंटरी टाका. आता फक्त ब्लॅक-विल्यम यांना उद्धृत करणारे आणि प्राथमिक गणिताबद्दल बोलणारे पेपर राहिले. हा एक चौकोन मला कोणी पहिल्या वर्षी दाखवला असता तर फार बरं झालं असतं.

मागे-पुढे जाताना टीका करणारे पेपर मुद्दाम शोधा. आकारिक मूल्यमापनाच्या परिणामाचे मोठमोठे आकडे तपासून बघणारे, ते इतके मोठे आहेत का असं विचारणारे लेखही लिहिले गेलेत, आणि रिव्ह्यूत फक्त बाजूने बोलणारे पेपर असले की तो एकांगी होतो.

पायरी ९ : पूर्ण पेपर मिळवणे

क्रम असा ठेवा. आधी लायब्ररीच्या लॉगिनमधून जा, सरळ गूगलवरून गेलात तर प्रकाशक पैसे मागतो आणि तोच पेपर लायब्ररीतून उघडा असतो. स्कॉलरच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स'मध्ये आपलं विद्यापीठ जोडा, म्हणजे रिझल्टच्या शेजारीच लिंक दिसते. नाही मिळाला तर स्कॉलरमध्ये 'ऑल व्हर्जन्स' बघा, लेखकाने आपल्या संस्थेच्या साइटवर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे असते. ब्राउझरला अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन लावा, कायदेशीर फुकट प्रत असेल तर सांगतं. तरीही नाही तर लायब्ररीला आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवायला सांगा, त्यांचं कामच आहे ते, संकोच करू नका. आणि शेवटी लेखकाला ईमेल. दोन ओळींची, आपण कोण आणि कशासाठी हवाय एवढीच. बरेच लेखक आनंदाने पाठवतात.

एक कळकळीची विनंती. एआय चॅटबॉटला संदर्भ विचारून ते तसेच यादीत टाकू नका. शब्द सुचवायला ती साधनं ठीक आहेत, पण ती नसलेले पेपर तयार करून देतात, खऱ्या लेखकाचं नाव, खरं नियतकालिक, आणि लेख अस्तित्वातच नाही. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे तो दहा आणि टिंबाने सुरू होणारा नंबर, डीओआयच्या साइटवर टाकून उघडतो का आणि तोच लेख उघडतो का ते बघा. डीओआय नसेल तर नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडून बघा. जो पेपर तुम्ही उघडला नाही तो तुमच्या यादीत नको.

पायरी १० : नोंद ठेवा, त्याच दिवशी

हे शेवटी लिहितेय पण करायचं पहिल्या दिवसापासून. मी पहिले काही आठवडे नुसते सर्च करत गेले, पीडीएफ डाऊनलोड फोल्डरमध्ये पडत गेल्या, नावं सगळी आकड्यांची. मग पद्धतीचं प्रकरण लिहायला बसले आणि कुठल्या डेटाबेसमध्ये काय टाकलं होतं हे एकही आठवेना, सगळं पुन्हा करावं लागलं.

एका साध्या एक्सेल शीटमध्ये सहा रकाने करा: तारीख, डेटाबेस, टाकलेला सर्च जसाच्या तसा, लावलेले फिल्टर, किती रिझल्ट आले, किती ठेवले. सर्च कॉपी-पेस्ट करा, आठवून लिहू नका. सातवा रकाना 'नवीन शब्द' असा ठेवलात तर उत्तमच. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरवलेल्या नियमांनी सगळे पेपर शोधून केलेला आढावा) करणार असाल तर प्रिझ्मा नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सुधारलेली आवृत्ती 'प्रिझ्मा २०२०' नावाची, त्यात किती पेपर सापडले, किती गाळले, का गाळले याची आकृती काढावी लागते, आणि ती या शीटवरूनच निघते.

पेपर सांभाळायला झोटेरो वापरा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये एक बटण बसतं, ते दाबलं की नाव-गाव-वर्ष सगळं भरून येतं. आल्यावर एकदा तपासा मात्र, शीर्षकातली कॅपिटल अक्षरं आणि लेखकांची आडनावं चुकतात. मागे घेतलेला पेपर असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवून सांगतो, हे फार मोलाचं आहे. प्रत्येक पेपरला डाऊनलोड करतानाच दोन ओळींची टीप लिहा, हा मी का ठेवला. तीन महिन्यांनी शीर्षक बघून काहीही आठवत नाही.

थांबायचं कधी

नवीन सर्चमध्ये तेच तेच पेपर, तीच तीच नावं परत यायला लागली, आणि नव्या पेपरच्या संदर्भयादीतले बहुतेक लेख तुमच्या झोटेरोत आधीच आहेत, की थांबा आणि लिहायला बसा. सगळं वाचून झाल्यावर लिहीन असं म्हणू नका, सगळं कधीच वाचून होत नाही.

थांबताना मात्र अलर्ट लावून ठेवा. एब्स्को, प्रोक्वेस्ट, स्कॉलर सगळीकडे सर्च सेव्ह करून ईमेल अलर्ट लावता येतो, तुमच्या त्या लांबलचक सर्चवर काही नवीन आलं की मेल येतो. आणि प्रबंध जमा करायच्या महिनाभर आधी शीट उघडून तेच सर्च पुन्हा एकदा चालवा, फक्त शेवटच्या तारखेनंतरच्या वर्षांसाठी.

कुठे अडलात तर ग्रंथपालांकडे जा, पण "काही मिळत नाहीये" एवढंच घेऊन जाऊ नका. तो रकान्यांचा कागद, एक्सेल शीट आणि विषयाला चपखल बसलेला एक पेपर, हे तीन घेऊन जा. त्यावरून त्यांना लगेच कळतं की कुठला शब्द राहिलाय.